सर वॉल्टर स्कॉट याचें बालपणींचें दुखणें

सर वॉल्टर स्कॉट हें नांव इंग्रजी वाचणाऱ्या कोणासही नवें नाहीं. ‘आयव्हॅन्हो’ व ‘टॅलिझमन’ ह्या त्याच्या कादंबऱ्या कित्येक पिढ्यांतील मुलांनीं संक्षिप्त आवृत्त्यांतून वाचल्या आहेत. आणि हरि नारायण आपटे यांस महाराष्ट्राचे स्कॉट म्हणण्याचा प्रघात असल्यामुळें इंग्रजी न वाचणाऱ्या पालकांच्याही कानांवर हें नांव गेलेलें असतें. परंतु हा ग्रंथकार जन्मभर उजव्या पायानें अधू होता, आणि तें व्यंग जन्मजात नसून दीड वर्षाच्या वयांत आलेल्या तीन दिवसांच्या तापाचा तो परिणाम होता, ही गोष्ट थोड्यांसच ठाऊक असते. त्याच्या ग्रंथांविषयीं लिहिणारे पुष्कळ आहेत. आम्ही येथें त्या तापाविषयीं व त्या पायाविषयींच विशेषेंकरून लिहिणार आहों.

वॉल्टरचा जन्म १५ ऑगस्ट १७७१ रोजीं स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो येथें झाला. (ही तारीख लक्षांत ठेवणें आमच्या विद्यार्थ्यांस जड जाऊं नये.) वडील वकिलीच्या धंद्यांतले, काटेकोर व धर्मशील गृहस्थ, आई अ‍ॅन ही एडिंबरो विद्यापीठांतील वैद्यकाचे प्राध्यापक डॉक्टर जॉन रदरफर्ड यांची कन्या. घर कॉलेज विंड नांवाच्या अरुंद गल्लींत होतें. तेथें वारा व ऊन हीं दोन्हीं दुर्मिळ. ह्या दांपत्याचीं पहिलीं सहा अपत्यें लहानपणींच दगावलीं होतीं. अशा घरांत मुलाला नुसती कणकण आली तरी आईच्या पोटांत कसा गोळा उठत असेल, हें आमच्या मातृवर्गास सांगावयास नको.

दीड वर्षापर्यंत हें मूल चांगलें धडधाकट होतें. एके रात्रीं तें निजावयास तयारच होईना. धरावयास जावें तों तें निसटून खोलीभर पळे. शेवटीं मोठ्या मिनतवारीनें त्यास पकडून बिछान्यावर घातलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहतात तों अंगांत ताप भरलेला. दांत येत आहेत, त्याचाच हा ताप, असें घरच्यांनीं ठरविलें. तीन दिवस ताप राहिला. चवथ्या दिवशीं नेहमींप्रमाणें न्हाऊं घालावयास घेतलें, तेव्हां उजव्या पायांत शक्तिच नाहीं असें दिसून आलें. डॉक्टर आले. हाड मोडलेलें नव्हतें, सांधा निखळलेला नव्हता, कोठें मुरगळलेलें नव्हतें. त्या काळच्या रीतीप्रमाणें कातडीवर फोड आणणारे लेप लावून झाले, आणखीही उपाय झाले. पाय कांहीं हलेना.

हा रोग म्हणजे पोलिओ होय, असें आजचे वैद्य मानितात. त्या वेळीं त्यास नांवसुद्धां नव्हतें. लंडनचे डॉक्टर मायकेल अंडरवुड यांनीं १७८९ सालीं मुलांच्या पायांतील अशा दुर्बलतेचें वर्णन छापलें. जर्मनींतील याकोब हायने यांनीं १८४० सालीं त्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलें. आणि १९०८ सालीं व्हिएन्ना येथें कार्ल लँडस्टायनर व एर्विन पॉपर यांनीं हा रोग माकडांत उतरवून दाखविला, तेव्हां कोठें त्याचें बीज म्हणजे नेहमींच्या जंतूंहूनही सूक्ष्म असा विषाणु आहे हें समजलें. म्हणजे स्कॉटच्या पायाला काय झालें तें कळावयास सव्वाशेंहून अधिक वर्षें लागलीं.

हा विषाणु तोंडावाटें पोटांत जातो. आधीं ज्याला तो झाला आहे त्याच्या मळाचा सूक्ष्म अंश पाण्यांतून, अन्नांतून किंवा न धुतलेल्या हातांवरून दुसऱ्याच्या तोंडांत जाणें, हाच त्याचा मुख्य मार्ग. आंतड्यांत तो वाढतो, आणि बहुतेक मुलांत त्याचा खेळ तेथेंच आटोपतो. एखाददुसरा दिवस ताप, नाहींतर तेंही नाहीं. शेंकडों मुलांत एखाद्याच मुलाच्या बाबतींत तो पुढें सरकून पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूपर्यंत पोंचतो. तेथें कांहीं पेशी अशा आहेत कीं, मेंदूकडून निघालेली आज्ञा स्नायूंकडे नेण्याचें काम त्यांच्याकडे असतें. हा विषाणु नेमका त्यांचाच नाश करितो. तारायंत्राची तार तुटावी तशी ही स्थिति: पाठविणारी कचेरी शाबूत, पलीकडचा गांवही शाबूत, पण निरोप पोंचत नाहीं. स्पर्श जाणण्याची व्यवस्था निराळी असते व तिला सहसा धक्का लागत नाहीं. म्हणून अशा पायाला चिमटा काढला तर मूल रडतें, परंतु पाय मात्र त्याला ओढून घेतां येत नाहीं. मग न वापरलेले स्नायु वाळतात, आणि वाढत्या वयांत तो पाय दुसऱ्याहून बारीक व आंखूड राहतो. मेलेल्या पेशी पुन्हां जिवंत होत नाहींत. मात्र वांचलेल्या पेशी आपले तंतु फांद्यांसारखे पसरून ओसाड पडलेल्या स्नायूंपैकीं कांहींचा ताबा घेतात, आणि त्यामुळें पुढील महिन्यांत थोडी थोडी ताकद परत येते. बुद्धीला ह्या पांगळेपणाचा स्पर्श होत नाहीं. हें वाक्य पालकांनीं विशेष ध्यानांत घ्यावें अशी आमची विनंति आहे. कारण पायानें अधू तो डोक्यानेंही अधू, अशी समजूत अजूनही कित्येक घरांत आढळते.

आईचे वडील डॉक्टर रदरफर्ड यांच्यापाशीं ह्या दुखण्यावर औषध नव्हतें, पण शहाणपण होतें. त्यांनीं सल्ला दिला कीं, मुलाला शहरांतून हलवा आणि मोकळ्या हवेंत ठेवा. वडिलांचे वडील रॉबर्ट स्कॉट हे ट्वीड नदीच्या खोऱ्यांत सँडीनौ येथें शेती करीत व मेंढ्या बाळगीत. त्यांच्याकडे मुलाची रवानगी झाली. जवळच खडकाळ टेकाडावर स्मेलहोमचा जुना दगडी बुरूज उभा होता. तो आजही उभा आहे.

ह्या प्रवासांत मुलाचा जीवच जावयाचा, तो थोडक्यांत वांचला. सोबत पाठविलेल्या दासीचा जीव एडिंबरोमध्यें कोणावर तरी जडला होता. आणि ह्या पांगळ्या पोरापायीं आपल्याला रानांत येऊन राहावें लागलें, म्हणून तिच्या मनांत त्याच्याविषयीं द्वेष उत्पन्न झाला. त्यास खडकांवर नेऊन कात्रीनें त्याचा गळा कापावा व तेथेंच पुरून टाकावें, असें तिच्या मनांत आल्याचें तिनें स्वतःच घरच्या कारभारणीजवळ कबूल केलें. तिला तत्काळ कामावरून दूर करण्यांत आलें. पुढें ती वेडी झाली. जें मूल आपल्यामागें धांवूं शकत नाहीं त्याला कोणाच्या हवालीं करावें, हा प्रश्न त्या काळींही बिकट होता.

सँडीनौ येथें कोणीं तरी एक अजब उपाय सुचविला. घरांत मेंढी कापली कीं तिचें ऊन ऊन कातडें उघड्या मुलाला गुंडाळावयाचें! त्या कातड्यांत गुरफटून वॉल्टर बैठकीच्या खोलींत जमिनीवर पडलेला असे. आजोबा त्याला रांगावयास लावण्याची शिकस्त करीत. आणि सर जॉर्ज मॅकडुगल नांवाचे एक वयोवृद्ध नातलग गुडघे टेकून आपलें घड्याळ जाजमावरून ओढीत, कीं त्याच्यामागें तरी मूल सरकावें. त्या वेळीं वॉल्टरला तिसरें वर्ष लागलें असावें, तरी तो देखावा त्याच्या मनावर जन्मभर राहिला, आणि १८०८ सालीं लिहिलेल्या बालपणाच्या आठवणींत त्यानें तो नमूद केला. कातड्याचा कांहीं उपयोग झाला नाहीं, होणेंही शक्य नव्हतें. घड्याळाचा मात्र झाला असावा, असें आम्हांस वाटतें. आजच्या रुग्णालयांतूनही अशा मुलाला खेळण्याच्या ओढीनेंच हालचाल करावयास लावतात.

हवा चांगली असली म्हणजे म्हातारा गुराखी सँडी ऑर्मिस्टन त्याला खांद्यावर घेऊन माळावर नेई व मेंढ्यांच्या शेजारीं गवतावर टाकून देई. एकदां तो तेथें आहे हें सर्वच विसरले आणि आकाशांत गडगडाट सुरू झाला. आत्या जेनेट घाबरून धांवत गेल्या. पाहतात तों मूल उताणें पडून प्रत्येक विजेसरशीं टाळ्या पिटीत हंसत आहे. असें गवतांत लोळतां लोळतां तो आधीं उठून उभा राहिला, मग चालूं लागला, मग धांवूंही लागला. पाय बारीक व आखडलेला राहिला तो राहिलाच. परंतु बाकीचें शरीर असें कांहीं कणखर झालें कीं शहरांतल्या गल्लींत तें तसें झालें असतें काय, ह्याची शंकाच आहे.

आतां ह्या घराचें दुसरें दान. हिवाळ्यांत बाहेर जातां येत नसे. तेव्हां आजी शेकोटीपाशीं बसून इंग्लंड व स्कॉटलंड ह्यांच्या सरहद्दीवरील जुन्या लुटारू वीरांच्या गोष्टी सांगे. त्यांतले कित्येक तर ह्या कुळाचेच पूर्वज. जेनेट आत्या गाथा वाचून दाखवीत. वाचावयास येण्यापूर्वींच वॉल्टरला एक लांबलचक वीरगाथा तोंडपाठ झाली होती, आणि ती तो इतक्या मोठ्यानें म्हणे कीं, घरीं येणाऱ्या धर्मोपदेशकांना बोलणें अशक्य होई. ह्या पोराजवळ बोलण्यापेक्षां तोफेच्या तोंडाशीं बोलणें सोपें, अशी त्यांची तक्रार असे. दुसरीं मुलें खेळावयास पळालीं असतीं. ह्याला पळतां येत नव्हतें, म्हणून तो ऐकत बसला. ज्या सामग्रीवर पुढें त्यानें अर्धें आयुष्य ग्रंथ लिहिले ती अशी पांच-सहा वर्षांच्या आंतच त्याच्याजवळ जमा झाली होती.

१७७५ सालीं आत्या त्याला घेऊन इंग्लंडांतील बाथ येथें उष्ण झऱ्यांच्या पाण्यासाठीं गेल्या. वर्षभर राहून पायाला गुण आला नाहीं. तेथें काकांनीं त्याला शेक्सपियरचें एक नाटक दाखविलें. त्यांत सख्खे भाऊ भांडतांना पाहून हा इतका संतापला कीं भर नाट्यगृहांत ओरडून उठला. एडिंबरोमध्यें विजेचा प्रयोगही करून पाहिला. त्याचाही उपयोग झाला नाहीं.

ह्या दुखण्यावर त्या वेळीं इलाज नव्हता, आणि खरें पाहतां एकदां पाय गेल्यावर तो पूर्ववत् करणारें औषध आजही नाहीं. जें आहे तें रोग येण्यापूर्वींच द्यावें लागतें. अमेरिकेंत योनास साल्क यांची टोंचावयाची लस १९५५ सालीं व त्यानंतर थोड्याच वर्षांत आल्बर्ट सेबिन यांची तोंडानें देण्याची लस प्रचारांत आली. आमच्या देशांत १९९५ सालीं पल्स पोलिओची मोहीम सुरू झाली, आणि पालकवर्गांतील पुष्कळांना रविवारीं बुथावर नेऊन पाजलेले ते दोन थेंब व करंगळीवरची शाईची खूण आठवत असेल. मूळ विषाणूनें पांगळें झालेलें भारतांतील शेवटचें मूल जानेवारी २०११ मध्यें पश्चिम बंगालांत हावडा जिल्ह्यांत आढळलें. २७ मार्च २०१४ रोजीं भारत पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. शेजारच्या पाकिस्तान व अफगाणिस्तान ह्या देशांत मात्र २०२४ सालींही नवे रोगी सांपडले. तेव्हां लशीचा कंटाळा करून चालावयाचें नाहीं.

वॉल्टर आठ वर्षांचा झाल्यावर १७७९ सालीं एडिंबरोच्या हायस्कुलांत दाखल झाला. आजोळघरासारखे लाड आतां नव्हते. घरीं भावंडांचा मेळा आणि शाळेंत दांडगीं मुलें. येथें हें सांगितलें पाहिजे कीं, वडिलांनीं त्याला पाय अधू म्हणून घरीं बसविलें नाहीं, आणि शाळेनेंही त्याला वेगळ्या बांकावर बसविलें नाहीं. मारामारीची वेळ आली आणि लंगड्याशीं काय लढावयाचें, असें कोणी म्हटलें, कीं तो प्रतिपक्ष्यास समोरासमोर फळीवर बसवी आणि बसल्या बसल्या ठोसाठोशी करी. (आम्ही हें वर्णन करितों, शिफारस करीत नाहीं.) किल्ल्याच्या कड्यावर चढण्यांत तो पटाईत होता. पण त्याची खरी सत्ता चालली ती गोष्टींवर. थंडीच्या दिवसांत खेळणें बंद पडलें कीं मुलें त्याच्याभोंवतीं कोंडाळें करीत आणि तो न संपणाऱ्या कथा सांगत बसे. वर्गांत त्याचा नंबर कधीं वर, कधीं अगदीं खालीं असे. पुढें वकिलीच्या उमेदवारींत असतां आंतड्यांतून रक्तस्रावाचें दुखणें होऊन तो अनेक आठवडे अंथरुणाला खिळला. त्या दिवसांतही पुस्तकांचा फडशाच पाडला. बरा झाल्यावर हातांत जाड काठी घेऊन तो दिवसाला वीस-तीस मैल पायीं भटकूं लागला.

त्याला व्हावयाचें होतें शिपाई. पाय अधू म्हणून तें दार बंद होतें, आणि ही रुखरुख त्याच्या मनांतून गेली नाहीं. १७९७ सालीं फ्रेंचांच्या स्वारीची धास्ती पडली तेव्हां एडिंबरोमध्यें स्वयंसेवक घोडदळ उभें राहिलें. त्यांत स्कॉट पुढाकारानें सामील झाला व क्वार्टरमास्तर झाला. घोड्यावर बसल्यावर पाय कोणाचा कसा आहे हें कोण पाहतो! एकदां कवाइतींत घोड्याची लाथ लागून तो तीन दिवस खोलींत पडला, तेव्हां त्यानें ‘ले ऑफ द लास्ट मिन्स्ट्रल’ ह्या काव्याचा पहिला सर्ग लिहून काढला. शिपाईगिरीची हौस त्याच्या वडील मुलानें पुरविली. तो हुसार घोडदळाचा अधिकारी होऊन हिंदुस्थानांत आला आणि १८४७ सालीं परतीच्या प्रवासांत वारला.

१७९२ पासून सात वर्षें स्कॉट सुटी मिळाली कीं लिडिसडेलच्या डोंगराळ खोऱ्यांत जाई. तेथें चाकाची गाडी कशी ती लोकांनीं पाहिली नव्हती. पहिली गाडी गेली ती ह्याचीच. म्हाताऱ्या बायका, मेंढपाळ व शेतकरी यांच्याजवळ बसून तो जुन्या वीरगाथा उतरून घेई. त्यांचा संग्रह १८०२ व १८०३ सालीं प्रसिद्ध झाला. ह्या कामीं त्याला साहाय्य करणारा जॉन लेडन हा पुढें मद्रासेस येऊन आपल्याकडील भाषांचा अभ्यासक झाला. आमचे पोवाडे अशाच रीतीनें शाहिरांच्या तोंडून मिळवून अ‍ॅक्वर्थ व शाळिग्राम यांनीं १८९१ सालीं छापले, हें येथें सहज आठवतें.

ह्याच भटकंतींत १७९७ सालीं पीबल्सजवळच्या मॅनर खोऱ्यांत स्कॉटची गांठ डेव्हिड रिची नांवाच्या माणसाशीं पडली. हा जन्मापासूनच विद्रूप, बुटका व पायांनीं वांकडा. ब्रश करण्याचा धंदा शिकला होता, परंतु जेथें जाई तेथें लोक हंसत. म्हणून तो कंटाळून ह्या निर्जन खोऱ्यांत आला आणि स्वतःच्या हातांनीं झोंपडी बांधून राहिला. तिचें दार त्यानें स्वतःच्या उंचीपुरतेंच ठेविलें होतें. माणसांविषयीं त्याच्या मनांत कडवटपणा मुरला होता, तरी बुद्धि तीक्ष्ण होती आणि बाग त्यानें सुंदर राखिली होती. त्या ठेंगण्या दारांतून वांकून आंत गेलेल्या स्कॉटच्या मनांत काय आलें असेल? एकाला आजीची शेकोटी, गुराख्याचा खांदा, आत्याचें पुस्तक व शाळेंतला बांक मिळाला होता. दुसऱ्याच्या वांट्यास हंसणारे लोक आले होते. दोघांच्या दैवांतला फरक केवळ अवयवांचा नव्हता. स्कॉट ही भेट विसरला नाहीं. १८१६ सालीं ‘ब्लॅक ड्वार्फ’ ह्या कादंबरींत त्यानें हाच मनुष्य उभा केला. समीक्षक त्या कादंबरीस फारसें मोजीत नाहींत. आम्ही मात्र ती आदरानें वाचतों.

त्याच्या पुढील कीर्तीचा पाढा येथें वाचण्याचें कारण नाहीं. ‘मार्मियन’ १८०८ सालीं, ‘लेडी ऑफ द लेक’ १८१० सालीं. मग बायरनच्या काव्यापुढें आपलें काव्य फिकें पडतें असें दिसतांच त्यानें १८१४ मध्यें निनांवी ‘वेव्हर्ली’ काढून कादंबरीचा रस्ता धरिला. बायरनविषयीं मत्सर म्हणून नव्हताच. बायरनही एका पायानें अधू होता. १८१५ सालीं लंडनांत मरे नांवाच्या प्रकाशकाच्या घरीं त्यांची भेट झाली, आणि त्या काळचे ते दोन सर्वांत प्रसिद्ध कवि बरोबरीनें लंगडत जिना उतरतांना प्रकाशकाच्या लहान मुलानें पाहिले. बायरनला आपल्या पायाची लाज वाटे व तो तें लपवी. स्कॉट लपवीत नसे; काठी टेकीत चारचौघांत वावरे.

१८२६ च्या जानेवारींत छापखाना व प्रकाशक दोन्ही बुडाले, आणि स्कॉटच्या डोक्यावर १,२०,००० पौंडांच्या घरांत कर्ज आलें. त्याच वर्षीं मे महिन्यांत पत्नी वारली. दिवाळखोरीचा आश्रय न घेतां लिहून फेडण्याचें त्यानें पतकरलें, आणि मरेपर्यंत लिहून मोठा भाग फेडलाही. उरलेलें त्याच्या ग्रंथांच्या उत्पन्नांतून पुढें फिटलें. १८३० च्या फेब्रुवारींत त्याला पक्षाघाताचा पहिला झटका आला. हा मेंदूंतील रक्तवाहिन्यांचा विकार होय. बालपणींच्या दुखण्याशीं त्याचा संबंध नाहीं, वाचकांनीं घोटाळा करूं नये. हवापालटासाठीं सरकारनें दिलेल्या लढाऊ जहाजांतून तो १८३१ सालीं माल्टा व नेपल्स येथें गेला, आणि गुण न येतां परतला. २१ सप्टेंबर १८३२ रोजीं ट्वीड नदीच्या कांठीं अ‍ॅबट्सफर्ड ह्या स्वतःच्या घरीं त्याचें निधन झालें. दुपार उबदार होती, खिडक्या उघड्या होत्या, आणि गोट्यांवरून वाहणाऱ्या नदीचा आवाज खोलींत येत होता.

दफन ड्रायबरो येथील जुन्या मठाच्या आवारांत व्हावयाचें होतें. वाटेंत बेमरसाइडची चढण लागते. खोऱ्याचा देखावा पाहण्यासाठीं स्कॉट नेहमीं तेथें गाडी थांबवी.  चढण संपतांच शवपेटीची गाडी त्या ठिकाणीं थांबली.